सेबीच्या अध्यक्षांस: शेडमागचा नाला कोणाच्या हिशेबात?

मा. तुहिन कांत पांडे,
अध्यक्ष, सेबी, मुंबई



आपल्या नियमानुसार २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्या बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, देतात. त्यात एक प्रश्न आहे: तुमचं कामकाज अभयारण्य, पाणथळ जागा, जंगल अशा संवेदनशील क्षेत्रात किंवा आसपास आहे का? पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या वाहन कारखान्यानं तिथं 'लागू नाही' लिहिलं, तर ते खोटं ठरत नाही. खेड तालुक्यात एकीकडे चाकण, दुसऱ्या टोकाला भीमाशंकरचं अभयारण्य. फॉर्म भरायला तेवढं अंतर पुरतं.

पण गाडी चाकणला बनत नाही, तिथं ती जोडली जाते. एक नटबोल्ट घ्या. तो भोसरी-चिखलीकडच्या एखाद्या शेडमध्ये प्लेटिंगला जातो. आधी तेल काढायचं, मग आम्लाची टाकी, मग जस्ताची, शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा थर. दर टाकीनंतर धुणं आलंच. बोल्टवर काही मायक्रॉन जस्त राहतं. धुण्याच्या पाण्यात आम्ल, जस्त, कधी क्रोमियम उतरतं. हे पाणी नीट शुद्ध करणारे कारखानदारही आहेत. त्यांचा दर चार पैशांनी चढतो आणि ऑर्डर शेजारी जाते. कारण मोठ्या कंपनीच्या व्हेंडर रेटिंगच्या, म्हणजे पुरवठादारांना गुण देण्याच्या, तक्त्यात माल वेळेवर आला का, रिजेक्शन किती, भाव किती उतरवला, याला गुण असतात. शेडमागच्या नाल्याला रकाना नसतो.

तो नाला पवनेला नाहीतर इंद्रायणीला मिळतो. पवना दापोडीजवळ मुळेत जाते, इंद्रायणी तुळापूरला भीमेत, आणि सगळं पाणी शेवटी उजनी धरणात, जिथं भिगवणला रोहित पक्षी बघायला गर्दी लोटते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस सगळा कारखान्यांचा नाही; शहरांचं सांडपाणी त्यात मोठं आहे. पण म्हणून कारखान्यांनी आपला वाटा लिहायचाच नाही, हे कसं चालेल?

पुरवठादारांचा विचार आपण केलात, हे खरं. पण त्यांची माहिती पहिल्या २५० कंपन्यांपुरती, तीही ऐच्छिक, आणि कंपनीच्या खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा अधिक, त्याच्याबद्दलच. प्लेटिंगवाला त्या २ टक्क्यांत कधी येणार? तो बहुधा व्हेंडरच्या व्हेंडरचं जॉबवर्क करत असतो. बीआरएसआर कोअरमध्ये, म्हणजे अहवालाच्या गाभ्याच्या निकषांत, हरितगृह वायू उत्सर्जन, पाणी, ऊर्जा, कचरा आहे, जैवविविधता नाही. तिच्यावरच्या परिणामांचा प्रश्न 'लीडरशिप' गटात टाकलाय, म्हणजे मर्जी असेल तर उत्तर द्या. मग तिथं वृक्षारोपणाचे आकडे येतात. कुठली झाडं, कुठल्या माळावर, त्यातली जगली किती, हे विचारायची सोय नाही.

नुसते आकडे किती फसवे असतात, याचं उदाहरण याच इंद्रायणीच्या वरच्या अंगाला आहे. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून महाशीर माशाचं बीज तयार करते. काम मन लावून केलेलं, आणि त्याचं कौतुक रास्त आहे. पण इथला महाशीर कावेरीतही सोडला गेला, तिथं तो फोफावला, आणि कावेरीच्या मूळच्या कुबड असलेल्या महाशीरच्या पीछेहाटीत संशोधक त्याचा हात दाखवतात. २०१८ मध्ये तो कुबडवाला मासा 'अतिसंकटग्रस्त' ठरला. सोडलेल्या पिल्लांची संख्या अहवालात छान दिसली असती. नदीचं नाव विचारलं असतं, तरच प्रश्न निघाला असता.

जगानं हा प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल करारात भारत आहे. मोठ्या कंपन्यांनी पुरवठा साखळीसकट जैवविविधतेवरचे परिणाम तपासून जाहीर करावेत, असं त्याचं १५ वं उद्दिष्ट सांगतं. युरोपच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी कायद्याचा अंमल पुढं ढकलला गेला असला, तरी तो टायरमधलं रबर कुठल्या जमिनीवर पिकलं त्याचे अक्षांश-रेखांश मागतो. रबराचा मळा नकाशावर दाखवता येतो, तर चिखलीतला प्लेटर का नाही?

माझं मागणं फार नाही. जैवविविधतेचा प्रश्न ऐच्छिक गटातून अनिवार्य गटात आणा. पुरवठादार मोजताना रुपयांची अट बाजूला ठेवून कामाची अट लावा: प्लेटिंग, रंगकाम, फाउंड्री, उष्णताप्रक्रिया करणारा प्रत्येक जण, मग तो तिसऱ्या पायरीवरचा का असेना, आणि त्याच्या नावापुढं त्याचं पाणी ज्या नदीला जातं तिचं नाव. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. कंपनीनं आपल्या पुरवठादारांच्या यादीशेजारी त्या नोंदी ठेवायला लावा. खर्च छोट्या शेडवाल्यावर ढकलू देऊ नका, तो भाव ठरवणाऱ्या मोठ्या कंपनीनं सोसावा. सुरुवात वाहन उद्योगापासून आणि याच पट्ट्यातून करावी, ही विनंती.

आपला,
चिंचवडचा एक रहिवासी