आवाज येतो, चित्र नाही

रविवारची दुपार. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झालाय, म्हणून टॅबलेटवरचा चित्रपट तिच्यासाठी मोठ्या टीव्हीवर लावायचा घाट घरात घातला जातो. नातू केबल आणि ॲडॉप्टर जोडतो, टॅबलेटवरची चिन्हं टीव्हीवर झळकतात, घरभर समाधान पसरतं. मग चित्रपट सुरू होतो. पार्श्वसंगीत येतं, संवाद येतात, खाली सबटायटलंसुद्धा उमटू लागतात. चित्राच्या जागी मात्र काळाकुट्ट चौकोन. "केबल बघ रे," कुणीतरी म्हणतं. केबल काढून पुन्हा खुपसली जाते, तिच्या तोंडावर फुंकर मारली जाते. शेवटी आजीच म्हणते, "राहू दे, रेडिओ समजून ऐकते."

केबल बिचारी बहुधा निर्दोष असते. आवाज आणि अक्षरं जिथून येतात तिथून चित्रही येऊ शकलं असतं. ते मुद्दाम अडवलेलं असतं. अडवणाऱ्या व्यवस्थेचं नाव एचडीसीपी. इंटेलनं ती तयार केली आणि २००० साली ती बाजारात आली. टॅबलेट, ॲडॉप्टर, टीव्ही अशा साखळीतल्या प्रत्येक उपकरणानं आपण परवानाधारक आहोत हे समोरच्याला सिद्ध करून दाखवायचं, तरच कुलूपबंद चित्र पुढे जाणार. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाच्या पोटात ४० गुप्त किल्ल्या असत. दोन उपकरणं आपापला उघड क्रमांक एकमेकांना सांगत, समोरच्याच्या क्रमांकानुसार आपल्या ४० पैकी २० किल्ल्या निवडून बेरीज करत. दोन्हीकडची बेरीज जुळली की सोयरीक पक्की. मध्ये एक जरी परवाना नसलेला आडदांड ॲडॉप्टर किंवा स्प्लिटर बसला, की सोयरीक मोडते आणि पडदा काळा होतो.

जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरच्या बाबतीत तर बोलणीच होत नाहीत. ती वाट ॲनालॉग. तिथे असं कुलूप बसवताच येत नाही, म्हणून बरीच ॲप तिकडे चित्र पाठवायलाच नकार देतात. हा अनुभव २००८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत गाजला होता. एका शाळेतल्या शिक्षकानं नवाकोरा मॅकबुक वर्गातल्या प्रोजेक्टरला जोडला आणि आयट्यून्सवरून विकत घेतलेला 'हेलबॉय २' लावला. हा पडदा अधिकृत नाही, असं संगणकानं त्याला बजावलं. चित्रपटाचे पैसे भरलेले, संगणक त्याच कंपनीचा, तरी बजावणी ग्राहकालाच. ओरड झाल्यावर काही आठवड्यांतच ॲपलनं क्विकटाइमची नवी आवृत्ती काढली आणि साध्या दर्जाच्या चित्रपटांवरची ही अट सैल केली. बंधन तंत्राचं नव्हतं, धोरणाचं होतं, हे त्या दुरुस्तीनं आपसूक कबूल केलं.

बंधनामागची भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. चित्रपटात कोट्यवधी रुपये अडकलेले असतात आणि प्रदर्शनाच्या दिवशीच त्याची फुकट प्रत मोबाइलवर फिरू लागली तर निर्मात्यानं काय करायचं? प्रश्न एवढाच, की या कुलपानं चोर अडतो का. २००१ मध्येच काही संशोधकांनी शोधनिबंध लिहून या पद्धतीतली भेग दाखवली होती. चाळीसेक उपकरणांच्या किल्ल्या हाती लागल्या तर मूळ गुरुकिल्लीच उलगडता येते, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी नील्स फर्ग्युसन या डच तज्ज्ञानं आपणही कुलूप फोडल्याचं जाहीर केलं, पण अमेरिकी कायद्याच्या धास्तीनं तपशील छापायचं टाळलं. २०१० च्या सप्टेंबरात गुरुकिल्ली इंटरनेटवर उघडी पडली, ती खरी असल्याचं इंटेलनंच मान्य केलं. पुढच्या वर्षी जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे दोनशे युरोंच्या सर्किट बोर्डावर हे कुलूप उघडून दाखवलं. नंतर २.२ ही नवी, अधिक भक्कम आवृत्ती आली खरी. पण चित्रपटगृहात कॅमेरा लपवून चित्रीकरण करणाऱ्याच्या वाटेत एचडीएमआयची केबल येतेच कुठे? त्याच्यासाठी आपल्याकडे २०२३ ची सिनेमॅटोग्राफ कायद्यातली दुरुस्ती आहे: तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. चोराला पकडायचा तो मार्ग समजण्यासारखा आहे. आजीच्या टीव्हीला पकडण्याचा नाही.

तेव्हा घरच्या नातवानं काय करावं? आधी टॅबलेटवरचा एखादा घरचा फोटो किंवा लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावून पाहावा. तो दिसला आणि चित्रपट दिसला नाही, तर केबलचा नाद सोडावा. भानगड कुलपाची आहे. काहीच दिसलं नाही, तर बहुधा टॅबलेटच्या यूएसबी-सी तोंडातून चित्र बाहेर पडण्याची सोयच नसते. तोंडाचा आकार सारखा म्हणून कामही सारखं, असं नसतं. अनेक स्वस्त टॅबलेटांत ते तोंड फक्त चार्जिंग आणि फायलींपुरतं असतं, आणि तिथे हजार रुपयांचा ॲडॉप्टर लावला तरी तो शोभेचाच. कुलपाची शंका असेल तर मधले सगळे मध्यस्थ, म्हणजे हब, स्प्लिटर, साउंडबार, काढून टॅबलेट ते टीव्ही अशी सरळ जोडणी करावी, आणि दोन्ही बंद करून आधी टीव्ही, मग टॅबलेट चालू करावा, म्हणजे बोलणी पहिल्यापासून होतात. टीव्हीचं दुसरं एचडीएमआय तोंडही वापरून पाहावं. सुरुवातीच्या काही ४के टीव्हींत नवी आवृत्ती समजणारं तोंड एकच असे. पडदा रेकॉर्ड करणारं किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप मागे चालू असेल तर तेही बंद करावं, कारण त्याच्या वासानंच कित्येक चित्रपट काळे पडतात.

एवढं करूनही जमत नाही तेव्हा अडचण तारेत नसून वर्गणीत असू शकते. नेटफ्लिक्सनं २०१९ साली भारतात १९९ रुपयांची फक्त मोबाइल आणि टॅबलेटसाठीची योजना आणली, पुढे तिची किंमत १४९ रुपये केली. त्या पैशांत टीव्हीवर पाहायची सोय नाही. यात फसवणूक नाही. स्वस्त तिकिटाला पुढच्या रांगेत बसावं लागतं, तसंच ते. पण टीव्हीसमोर फुंकर मारत बसलेल्या माणसाला ते त्या क्षणी कोण सांगतं?

खरी चीड आहे ती या मुकेपणाची. साखळीतली बोलणी फिसकटली, याची खूण टॅबलेटला मिळतच असते. ती मराठीत, हिंदीत, निदान साध्या इंग्रजीत पडद्यावर लिहायला किती मेहनत लागते? त्याऐवजी काळा चौकोन, नाहीतर एखादा आकडा आणि 'नंतर प्रयत्न करा'. नंतर प्रयत्न केल्यानं ॲडॉप्टरला परवाना मिळणार असतो का?

कायद्याच्या बाबतीत भारत अमेरिकेपेक्षा शहाणा निघाला. तिथल्या १९९८ च्या कायद्यात कुलूप चुकवणं हेच बहुतेक वेळा बेकायदा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ मात्र हेतू पाहतं: हक्काचा भंग करायच्या इराद्यानं कुलूप चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. शहाणपण इथवर आलंय, तर आणखी एक पाऊल सहज पडेल. वस्तूचा दर्जा आणि क्षमता कळण्याचा हक्क २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकाला देतोच. टॅबलेटच्या खोक्यावर बॅटरीचे आकडे, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, वजन सगळं ठसठशीत असतं. चित्र बाहेरच्या पडद्यावर जातं की नाही, आणि कुलूपबंद चित्रपटासकट जातं की नाही, एवढ्या दोन ओळी त्यात सक्तीनं बसवल्या पाहिजेत. ॲडॉप्टरच्या पाकिटावरही.

तोवर ग्राहकानं दुकानात जाताना घरची केबल सोबत न्यावी आणि आपल्या वर्गणीचा चित्रपट तिथल्याच टीव्हीवर लावायला सांगावा. विक्रेता हसत हसत यूट्यूबवरचं गाणं लावून दाखवील. ते दिसेलच, त्याला कुलूप नसतं.