तांदळाचं दूध करा, पण कुणासाठी ते आधी ठरवा

गोठ्यात दोन गाई बांधलेल्या असताना तांदूळ कशाला पिळायचा, असं निमगाव साव्यात कुणीही विचारेल, आणि विचारणाऱ्याचं काही चुकणार नाही. जुन्नर-आंबेगावचा हा पूर्वेकडचा भाग ऊस, कांदा, डाळिंब आणि दुधाचा. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालून ज्या घरांचा आठवड्याचा बाजार होतो, त्यांना दूध सोडा असं सांगायला मी आलेली नाही. ज्याला दूध पचतं त्याने खुशाल प्यावं. पण प्रत्येक घरात एखादी आजी, एखादे काका किंवा कॉलेजला जाणारी एखादी पोर असते, जिला चहा घेतला की पोट फुगतं, दूध घेतलं की तासाभरात गुरगुरतं आणि मग धावपळ होते. हल्ली हीच मंडळी मोबाईलवर बघून पुण्याहून वनस्पतीजन्य दुधाचे खोके मागवतात. लिटरला दोनशे-तीनशे रुपये मोजतात, आणि आत असतं मुख्यतः पाणी. ते घरी करता येतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

त्याआधी एक गोष्ट करून पाहा. दूध बाधतं म्हणजे बहुतेक वेळा दुधातली साखर, लॅक्टोज, बाधते. ती पचवणारं लॅक्टेज लहानपणी आतड्यात भरपूर असतं, पुढे पुष्कळ माणसांत ते कमी होत जातं. यात रोग काही नाही. आठ-पंधरा दिवस दूध बंद ठेवा, त्रास थांबला तर जेवणासोबत वाटीभर ताक घेऊन बघा. विरजणातले जिवाणू ती साखर बरीचशी खाऊन टाकतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या कितीतरी जणांना दही-ताक सोसतं. तुपात ती जवळजवळ नसतेच. ताक चालत असेल तर तुम्हाला तांदळाच्या दुधाची फारशी गरज नाही, हे पैसे आणि कष्ट वाचवणारं सांगणं आधी ऐका. त्रास तरीही चालूच राहिला, वजन घटलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर स्वयंपाकघरात उपाय शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

लहान मुलाच्या अंगावर दूध पाजल्याबरोबर गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, छाती वाजत असेल तर प्रकरण वेगळं आहे. ती दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. आपल्याकडे अशा वेळी शेळीचं दूध सुचवायची पद्धत आहे. शेळी, म्हैस आणि गाय यांच्या दुधातली प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात की गाईचं बाधणाऱ्या मुलाला शेळीचंही बहुधा बाधतं. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडेच न्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे सुनांना आणि सासवांना दोघींनाही सांगायचं आहे. तांदळाचं दूध तान्ह्या बाळाला दुधाच्या जागी कधीही देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, आणि ते जमत नसेल तर डॉक्टर सांगतील तेच. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. घरी केलेल्या तांदळाच्या दुधात प्रथिनं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम नावापुरतं. दिसायला दोन्ही पांढरीच, तिथेच फसगत होते. अमेरिकेत अटलांटाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये एका दोन वर्षांच्या आतल्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. आईबापांनी त्याला मुख्यतः तांदळाच्या पेयावर ठेवलं होतं. पोट भरत होतं, तरी मूल सुजलं. दुष्काळात दिसणारा क्वाशिओर्कर हा कुपोषणाचा आजार त्याला झाला होता, तोही खाऊन-पिऊन सुखी देशात. ब्रिटनमध्ये तर २००९ मध्ये साडेचार वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी तांदळाचं पेय देऊ नये असा सरकारी सल्ला दिला गेला. त्याचं कारण आणखी वेगळं. पाणी तुंबलेल्या खाचरात भाताचं पीक मातीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त शोषतं, आणि लहान अंगाला त्याचं प्रमाण लवकर जड होतं. मोठ्या माणसाने दिवसाला एखादा पेला घेतला तर घाबरण्यासारखं काही नाही. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकलं की हा अंश कमीही होतो. पुढे कृतीत मी तसंच सांगितलं आहे.

दुसरी सूचना माळकऱ्यांना. आपल्याकडे घरटी नाही तरी वाड्यावस्तीवर गळ्यात तुळशीची माळ आहेच. मटण-अंडी वर्ज्य असलेल्या माणसाला ब-१२ हे जीवनसत्त्व मिळण्याची भरवशाची वाट म्हणजे दूध-दही. तांदळात ते नाही, नाचणीत नाही, कुठल्याच भाजीपाल्यात नाही. माळकरी माणसाने दूध, दही, ताक सगळंच बंद करून तांदळाचं दूध धरलं तर वर्षा-दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा असली लक्षणं दिसू शकतात. रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांनी दिली तर ब-१२ ची गोळी घ्या. गोळीने माळ बाटत नाही.

साखरेचा त्रास असणाऱ्यांनी हे दूध रोजचं करू नये. दळून, गाळून घेतलेला तांदूळ रक्तात फार भरभर साखर वाढवतो, चोथाही निघून गेलेला असतो. त्यांना बिनसाखरेचं भिजवलेल्या शेंगदाण्याचं दूध जास्त बरं.

हे सगळं समजून ज्याला करायचं आहे, त्याने आता तांदूळ निवडावा. आणि इथे आपल्या तालुक्याच्या अभिमानाला जरा मुरड घालावी लागते. पश्चिमेकडे, कुकडनेर-मीननेराच्या खोऱ्यांत, आंबेगावच्या आहुपे-भीमाशंकराच्या अंगाला दाढ भाजून, पावसात चिखलात आवणी करून महादेव कोळी शेतकरी भात पिकवतात. तिकडचा इंद्रायणी आपल्याकडे पाहुण्यांना वाढायचा तांदूळ. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ केंद्राने तो १९८७ मध्ये दिला. भाताला त्याच्यासारखा तोच. दुधाला मात्र तो चिकट. मिक्सरमध्ये फिरवला की दुधाऐवजी खळ होते, आणि फडक्यातून उतरतही नाही. त्यापेक्षा वर्षभर जुना झालेला कोलम घ्या, नाहीतर उकडा. घरात फक्त इंद्रायणीच असेल तर तो कढईत नुसता गुलाबी होईपर्यंत भाजून घ्या. आजारी माणसाच्या पेजेसाठी तांदूळ भाजून घ्यायची आपल्या आज्यांची रीत होतीच. भाजल्याने चिकटपणा कमी होतो आणि वासही छान येतो.

कृती कुरडईच्या चिकासारखीच आहे: भिजवा, वाटा, गाळा. फरक एवढाच की चीक नंतर शिजवतात आणि इथे तांदूळ आधी शिजवायचा. हे का, ते सांगते. कच्चा तांदूळ भिजवून वाटून गाळलात तर दिसायला दूध दिसेल, पण त्यातला स्टार्च कच्चा असतो. तो तळाला बसतो, पोटाला जड जातो, आणि गरम करायला घेतलात तर डोळ्यांदेखत त्याची पेज होते. पुष्कळ जणी इथेच कंटाळून सोडून देतात.

अर्धी वाटी तांदूळ धुऊन तासभर भिजवा. चार वाट्या पाण्यात मऊ होईपर्यंत उघड्या पातेल्यात शिजवा, कुकरमध्ये नको. वरचं पाणी निथळून टाका आणि भात गार पाण्याखाली एकदा धुऊन घ्या. दीड वाटीच्या आसपास भात होईल. त्यात उकळून पूर्ण गार केलेलं चार-साडेचार वाट्या पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर कच्च्या घाण्याचं शेंगदाणा तेल घालून मिक्सरमधून काढा. तेलाशिवाय ते पाणचट लागतं. मिक्सर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फिरवायचा नाही. जास्त फिरवाल तेवढं ते बुळबुळीत होतं. मग पंचाचं सुती फडकं उकळत्या पाण्यातून काढून त्यातून गाळा. पिळताना जोर लावू नका. दाबून पिळलं की चोथ्यातला चिकटपणा खाली उतरतो. लिटरभराच्या जवळपास दूध होतं. तांदूळ किलोला साठ-सत्तर रुपये धरला तर खर्च सहा-सात रुपये, वर गॅस.

कॅल्शियम हवं असेल तर भातासोबत दोन चमचे तीळ भाजून वाटा. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त. तिळाने दूध जरा करडं दिसतं आणि किंचित कडवट लागतं, खारकेच्या पुडीने ते झाकलं जातं. पण दोन चमचे तिळांनी हे दूध गाईच्या दुधाच्या बरोबरीला येत नाही. भाकरी, पालेभाजी, नाचणी यांतूनही भर घालावी लागते.

विकतच्या खोक्यातलं दूध साखर न घालता गोड कसं लागतं, असं विचारणारे भेटतात. कारखान्यात स्टार्च तोडणारी विकरं घालतात, त्यातून साखर सुटते. तीच विकरं मोड आलेल्या धान्यात असतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की मोड आणून वाळवून दळलेल्या धान्याचं चमचाभर पीठ बाळाच्या घट्ट खिमटात घातलं की ते काही मिनिटांत पातळ होतं, म्हणजे तेवढ्याच वाटीत बाळाला जास्त दाणा भरवता येतो. आपल्या नाचणीच्या सत्त्वामागेही हीच करामत आहे. घरी करायचं तर वाटलेला भात बोट जेमतेम सोसेल त्याहून थोडा जास्त गरम असताना मोडाच्या नाचणीचं एक चमचा पीठ मिसळा, झाकून तासभर उबेत ठेवा, मग एक उकळी आणून गाळा. पीठ फार खरपूस भाजलेलं नको, विकरं मरतात. उकळी मात्र चुकवू नका. दूध पातळ आणि आपोआप गोडसर होतं. मला स्वतःला ही तऱ्हा साध्या कृतीपेक्षा जास्त आवडते, पण रोज करायला वेळ लागतो.

ठेवण्याच्या बाबतीत कडक राहा. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजं उकळूनही जिवंत राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ती वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून रात्री टोपात उरलेल्या भाताचं सकाळी दूध करायचं नाही. फोडणीचा भात करतो ना, मग दूध का नको, असं कुणी म्हणेल. रात्रभर बाहेर राहिलेला भात फोडणीलाही चांगला नाहीच. पण तो निदान एका बैठकीत संपतो, दूध मात्र दोन दिवस पुरवायला जाता तुम्ही. गाळल्याबरोबर काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायचं. ज्या दिवशी लाईट जाऊन-येऊन आहे, त्या दिवशी एका वेळेपुरतंच करा. आंबट वास आला तर ओतून द्या.

याचं दही लागत नाही, विरजण कितीही घाला. दह्याला केसीन लागतं, ते यात नाही. चहा होतो, पण काळसर आणि पातळ. चहा उतरवल्यावर वरून घातलं तर बरा लागतो. शेवयांची किंवा लाल भोपळ्याची खीर उत्तम होते, कारण स्टार्चमुळे ती आपणच दाटते. फक्त सतत हलवा, बुडाला लागायला वेळ लागत नाही. गाळून उरलेला चोथा त्याच दिवशी थालीपिठात किंवा घावनाच्या पिठात जातो.

तांदूळ दुकानातून घेण्याऐवजी दिवाळीनंतर पश्चिमेकडचे लोक बाजाराला येतात तेव्हा त्यांच्याकडे इंद्रायणीखेरीज कोलम मिळाला तर तो घ्या. नवा नको, मागच्या सालचा आहे का विचारा. दाणा दाताखाली चावून बघा. करकरीत तुटला तर तो जुना, आणि दुधाला तोच लागतो.