आडनाव टाकणं सोपं होतं

परवा बोदलकसा तलावाच्या पाळीवर आम्ही म्हातारे १९७४ च्या गप्पा हाणत होतो. जेपींची हाक, टाकलेली आडनावं, बिनहुंड्याची लग्नं... मग गडचिरोलीतल्या सुरजागडचा विषय निघाला आणि जुना मित्र म्हणाला, "विकासाला विरोध कशाला?"

मंडळी, डोकंच फिरलं!

तिथे ३४८ हेक्टरच्या लीजवर लोहखनिजासाठी डोंगर खोदतायत. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकुरदेव. २०२३ मध्ये उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटीवर नेली. त्याच वर्षी नव्या खाणींविरुद्ध लोक तोडगट्ट्याला महिनोन्महिने बसले. मागणी काय, तर आधी ग्रामसभेला विचारा. पेसा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) दुसरं काय सांगतात?

जेपींच्याच चळवळीतले मोहन हिराबाई हिरालाल मेंढा-लेखात गावाचं ऐकत बसले. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. आम्ही मात्र नोकरी लागताच आडनाव परत लावलं. (मीसुद्धा. बँकेत खातं उघडायचं होतं ना!)

मित्राला विचारलं, "ठाकुरदेवाची बदली कुठल्या डोंगरावर करायची?"

गप्प बसला. चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.