कुलपातली गोळी आणि वाढीचा तक्ता

एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) आणि नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येणे) या विकारांवर दिले जाणारे उत्तेजक औषध मेथिलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, त्यातली एक केमिस्टने दोन वर्षे जपायची, साठा कुलपात ठेवायचा. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याचा पहारा आणखी वेगळा. मित्रामित्रांत, भावंडांत गोळ्या वाटून घेतल्या जातात, हा धोका अमेरिकेच्या एफडीएनेही 2023मध्ये उत्तेजक औषधांवरील चौकटीतल्या इशाऱ्यात ठळक केला. तेव्हा हा बंदोबस्त हवाच. पण ज्याच्यासाठी गोळी लिहिली तिच्यामुळे त्याच्या शरीरात काय होते, हे कुलपाला कळत नाही. ते कळते वजनकाट्यावर आणि बीपीच्या पट्ट्यात. म्हणून पहिल्या चिठ्ठीइतकीच काळजी पुढच्या भेटींची घ्यायला हवी, असे आमचे ठाम मत आहे.

उंचीचेच पाहा. एडीएचडीवरच्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात 7 ते 9 वर्षांची 579 मुले होती. त्यांपैकी ज्यांनी औषध नव्याने सुरू करून सातत्याने घेतले, ती तीन वर्षांनी औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 2 सेंटिमीटरने बुटकी आणि 2.7 किलोने हलकी भरली. एवढा फरक एका भेटीत जाणवत नाही; पहिल्या दिवशीची उंची केसपेपरवर नसेल, तर तो कधीच हाती लागत नाही. भूक मंदावते ती मुख्यतः दुपारी, शाळेतला डबा तसाच परत येतो. नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्या, संध्याकाळी भूक परतली की नीट जेवू घाला, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगावे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेची 2018ची एडीएचडी मार्गदर्शिका उंची दर सहा महिन्यांनी, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी आणि बीपी व नाडी डोस बदलताना तसेच दर सहा महिन्यांनी मोजायला सांगते. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

हृदयाबद्दलची भीती आणि बेफिकिरी, दोन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत. 2011मध्ये अमेरिकेतल्या सुमारे बारा लाख मुलांच्या आणि तरुणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गंभीर हृदयविकार वाढलेले आढळले नाहीत. स्वीडनमधल्या अलीकडच्या अभ्यासात मात्र वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांत उच्च रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांचे विकार अधिक दिसले. यात विरोध नाही. पहिला अभ्यास जेमतेम दोन वर्षांचा काळ पाहतो, दुसरा हळूहळू साचणारा परिणाम. सरसकट ईसीजीची गरज नाही. खेळताना भोवळ येते का, छातीत धडधडते का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का, हे मात्र विचारलेच पाहिजे, आणि होकार आला तर आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

झोपेच्या बाबतीत आपली चूक बहुधा गोळीच्या आधीच होते. पहाटेचा क्लास, दिवसभर कॉलेज आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणारा अकरावी-बारावीचा मुलगा वर्गात पेंगतो, त्याचे लक्ष उडते. ते लक्षण एडीएचडीचे भासू शकते, नार्कोलेप्सीचेही. दोन आठवड्यांची झोपेची डायरी आणि घोरण्याची चौकशी यांशिवाय उत्तेजक लिहिणे म्हणजे अपुऱ्या झोपेवर पांघरूण घालणे होय. दिवसा झोप येते म्हणून मोडाफिनिल देणार असाल, तर गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव त्याने कमी होतो, हे तरुणींना स्पष्ट सांगायला हवे.

गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठून आणायचा, असे अनेकजण विचारतील. मोजमाप सहायकाने करावे. डॉक्टरांनी आकडा आधीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा, त्याला दोन मिनिटे पुरतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इतक्या तपासण्या सांगितल्या तर घाबरून पालक औषधच बंद करतील. उपचार टाळण्याचीही किंमत असते, हे खरे. 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात, एडीएचडीच्या निदानानंतर औषध सुरू केलेल्यांत दोन वर्षांतले मृत्यू कमी होते. पण आकडे समोर असले की भीतीला नेमके उत्तर देता येते. वजनाची रेषा खाली सरकू लागली, तर गोळी बंद करण्याआधी डोस, वेळ आणि सुट्टीतला खंड यांचा विचार करता येतो. असा खंड नार्कोलेप्सीच्या रुग्णाला मात्र सुचवू नये. त्याला रविवारीही दुचाकी चालवायची असते.