विश्लेषण : खिशातल्या नोटेचा क्रमांक पट्टी बांधलेल्या माणसाला कसा कळतो?

दिवाळी संपली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. आमगावच्या परिसरात दिवसा बाजार आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक असा बेत असतो. अशा गर्दीत किंवा आठवडी बाजारात एक खेळ अनेकांनी पाहिला असेल. जमुरा चादरीखाली झोपलेला किंवा डोळ्यांवर पट्टी बांधलेला, आणि उस्ताद प्रेक्षकांत फिरणारा. उस्ताद कुणाच्या तरी हातातली वस्तू उचलून विचारतो आणि जमुरा लांबूनच तिचे नाव सांगतो. कधी शर्टाचा रंग, कधी नोटेवरचे आकडे. हे मन वाचणे नाही, तर दोघांनी पाठ केलेली भाषा आहे. ती कशी चालते आणि ती समजून घेणे का गरजेचे आहे?

प्रश्नातच उत्तर कसे दडते?

प्रेक्षक जमुऱ्याच्या उत्तराकडे लक्ष देतात, पण खरी गोम उस्तादाच्या प्रश्नात असते. समजा दोघांनी ठरवले, की ‘सांग’ म्हणजे एक, ‘बोल’ म्हणजे दोन, ‘बरं’ म्हणजे तीन, ‘आता’ म्हणजे चार, ‘नीट’ म्हणजे सहा आणि ‘चल’ म्हणजे सात. प्रश्नातले पहिले दोन शब्दच मोजायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मग ‘आता चल, माझ्या हातात काय?’ या प्रश्नातून ४ आणि ७ हे आकडे पोहोचतात. चौथी यादी खिशातल्या वस्तूंची आणि तिच्यातली सातवी वस्तू किल्ली, असे आधीच पाठ असेल तर उत्तर तयार.

दहा शब्दांच्या दोन जोड्यांत शंभर वस्तू बसतात, तिसरा शब्द जोडला की हजार. नोटेवरचे आकडे तर आणखी सोपे, कारण तिथे यादीही लागत नाही. ‘बरं. सांग. नीट.’ एवढे म्हटले की ३१६ पोहोचले. प्रेक्षकाला मात्र उस्ताद जमुऱ्याला दटावतो आहे असेच वाटते.

न बोलता निरोप कसा जातो?

शंका आलेला प्रेक्षक उस्तादाला गप्प राहायला सांगतो. त्यावरही तोड आहे. दोघे मनातल्या मनात एकाच लयीत मोजतात. उस्तादाने घसा खाकरला की मोजणी सुरू, पाऊल आपटले की बंद. मधे जितके अंक झाले, तो आकडा. भजनात टाळकरी आणि मृदंगवाला एकमेकांकडे न बघता समेवर येतात, तसाच हा सराव. पट्टी बांधली म्हणून दिसत नाही, हेही खरे नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या फटीतून खाली बरेच काही दिसते.

हे तंत्र किती जुने?

फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ यांनी १८४६ साली आपल्या मुलाला घेऊन पॅरिसमध्ये असा प्रयोग सुरू केला. दुकानाच्या काचेवरून एकदा नजर फिरवून आतल्या वस्तू आठवायच्या, असा सराव बापलेक करत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्युलिअस आणि ॲग्नेस झान्सिग या दांपत्याने लंडन गाजवले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनाही त्यांची शक्ती खरी वाटली होती. ती शक्ती नसून संकेत होते, हे पुढे ज्युलिअस यांनीच उघड केले. शिकलासवरलेला माणूस फसत नाही, हा समज इथेच मोडतो.

फसवणूक कुठे सुरू होते?

वरची सगळी मंडळी कलावंत होती. पण हेच तंत्र ‘दैवी शक्ती’ म्हणून वापरले की चित्र बदलते. अमेरिकेतले धर्मोपदेशक पीटर पॉपॉफ भर सभेत अनोळखी लोकांची नावे, पत्ते आणि आजार सांगत. १९८६ साली जादूगार जेम्स रँडी यांच्या चमूने रेडिओ यंत्राने ३९.१७ मेगाहर्ट्झवर एक आवाज पकडला. पॉपॉफ यांची पत्नी, भाविकांनी आधी भरून दिलेल्या कार्डांवरची माहिती त्यांच्या कानातल्या यंत्रात सांगत होती. आज तसे यंत्र मोबाइलच्या दुकानात मिळते.

नागपुरात काय घडले होते?

जानेवारी २०२३ मध्ये बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री यांची रामकथा नागपुरात झाली. समोरच्या व्यक्तीची माहिती ते चिठ्ठीवर लिहितात आणि त्याला ईश्वरी कृपा म्हणतात. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी त्यांना ३० लाख रुपयांचे आव्हान दिले आणि पोलिसांत तक्रारही केली. पळ काढल्याचा आरोप शास्त्री यांनी फेटाळला. पोलिसांनी चित्रफिती तपासून त्यात गुन्हा आढळत नसल्याचे सांगितले. ठरलेल्या अटींवर चाचणी झालीच नाही.

त्या वादात कोण जिंकले यापेक्षा चाचणीची अट महत्त्वाची होती. समितीने निवडलेल्या माणसांची माहिती सांगायची आणि शेजारच्या खोलीतल्या वस्तू ओळखायच्या. म्हणजे माहिती आधी गोळा करायला वाव नाही आणि खूण करायला साथीदारही नाही. दावा कुणाचाही असो, तपासायची रीत हीच.

कायदा काय सांगतो?

नरेंद्र दाभोलकर यांच्या ऑगस्ट २०१३ मधील हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे आणि लोकांना फसवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. ‘ही हातचलाखी आहे’ असे सांगून करमणूक करणारा जादूगार चमत्काराचा दावाच करत नाही, हा मूळ फरक आहे.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. धानाच्या बांध्यांत काम करणाऱ्या आमगावकरांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. ‘याला न सांगता माझे नाव कळले’ एवढ्यावर बसलेला विश्वास उद्या सर्पदंशाच्या वेळीही त्याच्याच दारात नेतो. तिथे गमावलेला तास परत येत नाही.

मग पाहायचे काय?

प्रश्न विचारणारा बदलून पाहा. तुम्हीच विचारा, तुमच्या शब्दांत. साथीदाराला दाराबाहेर उभे करा. आत येताना नाव-गाव कुणाला सांगितले होते, तेही आठवा. एवढे करूनही उत्तर बरोबर येते का, ते बघा. जमुऱ्याचा खेळ असेल तर मात्र टाळ्या जरूर वाजवा आणि पैसेही द्या. इतकी मोठी यादी पाठ करायला मेहनत लागते.