किल्ला करायचा तर आधी टाकं खणा

अष्टमी-रोह्यातल्या पोरांनो आणि त्यांच्या आईबापांनो, दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात, बिल्डिंगच्या जिन्याखाली, देवळाच्या ओट्याशेजारी माती, विटा आणि गोणपाटांचे ढीग पडतील. किल्ला करा, दणक्यात करा. माझं सांगणं एवढंच की या वर्षी बुरुजापासून सुरुवात करू नका. खोल जागेपासून करा.

बाजारात तयार किल्ला मिळतो, तो आणून मांडला की पाच मिनिटांत काम संपतं. त्यात खणायला काहीच नसतं, ही त्याची खरी उणीव. गड उंचीवर असतो हे आपल्याला पाठ असतं. गड आतून किती खोल असतो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

गंमत म्हणजे मोबाइल-संगणकावर खेळणाऱ्या मुलांना हे कधीकधी आपल्याआधी कळलेलं असतं. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाचा एक खेळ आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकी भावांनी तो २००६ साली लोकांच्या हाती दिला आणि पुढे वर्षानुवर्षं त्यात भर घातली. तेव्हा पडद्यावर चित्रं नव्हती, नुसती अक्षरं आणि चिन्हं. तरी २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहासाठी तो निवडला. सात बुटकी माणसं सामानसुमान घेऊन येतात आणि डोंगर पोखरून गड वसवतात, असा तो खेळ. धडधाकट बुटके दारूवर जगतात, पाणी लागतं ते मुख्यतः जखमींना. आपल्या मावळ्यांना हे ऐकून हसू आलं असतं.

या खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत डोंगरात आत आत खणत गेलं की आधी जमिनीखालची नदी लागायची, मग एक भयानक खोल घळ, आणि त्याच्याही पुढे धगधगता लाव्हा. घळीतून उंदीरमाणसं आणि तसलेच जीव वर यायचे, तेव्हा तिच्या काठाशी पहारा लागायचा. पण खेळणाऱ्यांना ती आवडायची ती वेगळ्याच कारणासाठी. तिच्यात जे टाकाल ते नाहीसं व्हायचं. सडलेलं मांस, मोडकी हत्यारं, मेलेले शत्रू, सगळं ढकलून द्या आणि मोकळे व्हा. २०१० साली खेळाची रचना बदलली, घळ गेली आणि तिच्या जागी जमिनीखाली एकाखाली एक अशा गुहांचे तीन थर आले. खोल जागा म्हणजे फुकटची कचराकुंडी, ही सवय मात्र खेळाबाहेर फिरायला जाणाऱ्या माणसांमध्येही चांगली रुजलेली दिसते.

आता अवचितगडाकडे या. रोह्याजवळचा, मेढा किंवा पिंगळसईच्या बाजूने दाट रानातून चढायचा आपला गड. दक्षिणेकडच्या बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे सन १७९६ चा शिलालेख आहे. वर बारा कोनांचं टाकं आहे आणि कातळात खोदलेल्या टाक्यांचा एक गटही आहे. गडावरची सगळ्यात खोल जागा ही, आणि तिचं काम खेळातल्या घळीच्या अगदी उलट. माणसं जगली ती हिच्यामुळे.

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. काही थर घट्ट, काही भेगाळ आणि ठिसूळ. पाऊस वरून मुरतो आणि दोन थरांच्या सांध्यातून कुठेतरी झिरपून बाहेर पडतो. जुने लोक तो पाझर हेरायचे आणि तिथे छिन्नी-हातोड्याने कातळ फोडायचे. एका कामात दोन फायदे होत, पाण्याला जागा व्हायची आणि निघालेला दगड तटाला लागायचा. रायगडावरचा गंगासागर तलावही गडाच्या बांधकामासाठी दगड काढून झालेल्या खाणीतला. म्हणजे खड्डा आधी, भिंत नंतर. अंगणातल्या किल्ल्यालाही हाच क्रम लावा.

रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यातलं गडांविषयीचं प्रकरण नववी-दहावीच्या मुलांनी मोठ्यांच्या मदतीने जरूर वाचावं. अमात्य सांगतात की गड बांधण्याआधी पाणी बघावं. पाणी नसेल आणि जागा सोडवत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झऱ्याचं पाणी कमी होतं. साठवणीची दोन-चार टाकी हवीतच. एवढा बारीक विचार! आणि त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा केरकचऱ्याचा नियम. गडावर केर पडू द्यायचा नाही. झाडलेला केर कड्यावरून खाली लोटायचा नाही. जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात घालून भाजीपाला पिकवायचा.

चहूबाजूंनी हजार हजार फूट दऱ्या असलेल्या गडावर राहणाऱ्या माणसांना हा हुकूम आहे. त्यांच्याइतकी सोयीची घळ कुणाजवळ होती? (त्या काळी केरात प्लास्टिक नव्हतं, हे लक्षात ठेवा. आज गडावर काही जाळू नका, तिथे सगळीकडे वाळलं गवत आणि रान असतं. केर खाली उतरवून आणा.)

कारण आपल्या घळींना तळ आहे. अवचितगडावरून भिरकावलेली वेफर्सची पिशवी गवतात दिसेनाशी होते आणि पावसाळ्यात ओढ्याने निघते. ओढा कुंडलिकेला मिळतो. कुंडलिका रोहा आणि अष्टमीच्या मधून वाहत रेवदंड्याच्या खाडीला जाते. टाक्यात टाकलेली बाटली तर कुठेच जात नाही, तिथेच हिरवी होत राहते. ती काढायची म्हणजे कुणीतरी निसरड्या काठावर वाकायचं. म्हणून टाक्यात नाणं नाही, निर्माल्य नाही, दगडसुद्धा नाही.

मुलांना गडावर न्यायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतर न्या. वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर घ्या. गवत वाढलेलं असताना टाक्याचं तोंड चटकन दिसत नाही, त्यामुळे पुढे पळणाऱ्या पोराला हाताशी धरा. पोहायला कुणालाही उतरू देऊ नका, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही. गडांवर खांबटाकी असतात. त्यांत पाणी छताखाली आतपर्यंत गेलेलं असतं, आणि तिकडे सरकलेला माणूस वर यायला गेला की डोक्यावर कातळ लागतो.

दुसरं, भुयाराच्या मागे लागू नका. आपल्याकडे प्रत्येक गडाला एक भुयार असतं, ते अमक्या देवळात निघतं, त्यातून घोडेस्वार जायचा आणि सांगणाऱ्याच्या आजोबांनी ते पाहिलेलं असतं. अशी बरीचशी काळोखी भोकं म्हणजे कोरडी टाकी, नाहीतर धान्याची कोठारं निघतात. आत वटवाघळं असतात, साप असतो, हवा कोंदट असते. कातळातली खरी अंधारी वाट बघायची तर देवगिरीला जा. तिथे डोंगर तासून उभा केला आहे, भोवती खडकात खंदक खोदला आहे आणि त्यापुढची वाट काळोखातून वळणावळणाने वर चढते. शत्रूला चकवण्यासाठी पोटातला काळोख कसा वापरला, ते तिथे पायाखाली कळतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी त्यात आहेत. अवचितगड त्या यादीत नाही. म्हणून त्याचं टाकं काही कमी खोल होत नाही.

तर दिवाळीचं काम असं करा. जागा ठरली की माथ्यावर आधी एक खड्डा घ्या. आतून मळलेली चिकण माती नीट थापा आणि सावलीत सुकू द्या. घाई केली की तडे जातात आणि सगळं पाणी झिरपून तट बसतो. माती मिळाली नाही तर सरळ एक वाटी पुरा. खड्ड्यातून निघालेल्या खड्यांचाच तट रचा. बुरुज, दरवाजा, सिंहासन त्यानंतर. उतारावर अळीव-मोहरी पेरा आणि तिला पाणी त्याच टाक्यातलं घाला. रोज किती कमी होतं ते पोरांनाच बघू द्या. शिबंदीला पाणी किती दिवस पुरेल हा प्रश्न मग त्यांचा त्यांनाच पडतो.

किल्ले-स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. दिव्यांच्या माळांना आणि मोठ्या चित्रांना गुण देता, तसे टाक्याला द्या. परीक्षकांनी प्रत्येक पोराला दोन प्रश्न विचारावेत: तुझ्या गडावर पाणी कुठलं, आणि केर कुठे जातो? उत्तर आलं तर गुण, मग बुरुज वाकडा असला तरी चालेल.

आणि स्पर्धा संपली की टाक्यातलं पाणी त्याच दिवशी झाडाला ओता. साठून राहिलं तर डास होतात.