बसलेल्यांच्या डोळ्यांत मिरची

पेपर स्प्रे पोलिसांच्या हाती दिला गेला तो अंगावर धावून येणाऱ्याला गोळी न घालता थोपवता यावे म्हणून, आणि तेवढ्यासाठी तो असायलाच हवा. पण हुकूम न मानता नुसत्या बसून राहिलेल्या माणसावर तो मारणे बेकायदा आहे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहम खटल्यात पोलिसी बळाची कसोटी घालून दिली. गुन्हा किती गंभीर, तत्काळ धोका आहे का, माणूस झटापट करतो आहे किंवा पळतो आहे का, हे पाहायचे. तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये ती एका साध्या प्रसंगाला लावली. सीटबेल्टसाठी अडवलेला चालक फुटपाथच्या कडेला बसला आणि गाडीत परत जायला तयार होईना. त्याच्यावर स्प्रे आणि लाठी वापरणे न्यायालयाने अवाजवी ठरवले. पुढच्या तीनच महिन्यांत, १८ नोव्हेंबरला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात हातात हात गुंफून बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी तोच फवारा मारला.

पोलीस घेरले गेले होते, असा बचाव झाला. माजी न्यायमूर्ती रेनोसो यांच्या समितीने तो तपासला, तेव्हा पुराव्यात त्याला आधार सापडला नाही. शिवाय वापरलेला मोठा डबा त्या पोलिसांना मंजूरच नव्हता. फौजदारी खटला भरला गेला नाही, हे खरे. पण गुन्हा निःसंशय सिद्ध होण्याजोगा नसणे म्हणजे कृती कायदेशीर असणे नव्हे. विद्यापीठाने एकवीस जणांना प्रत्येकी तीस हजार डॉलर दिले.

उचलून नेताना माणूस जास्त जखमी होतो, त्यापेक्षा स्प्रे बरा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर कॅलिफोर्नियातल्याच हम्बोल्ट काउंटीत मिळते. जंगलतोडीविरुद्ध तिथले आंदोलक धातूच्या नळ्यांत हात अडकवून बसत आणि पोलीस ग्राइंडरने त्या नळ्या सुखरूप कापत. ते जमत असूनही १९९७ मध्ये कापसाच्या बोळ्यांनी त्यांच्या डोळ्यांना मिरचीचा अर्क लावण्यात आला. नळी कापायला वेळ लागतो. अर्काने वेदना होते, आणि माणसाने स्वतःहून हात सोडावा म्हणूनच ती दिली गेली. २००५ मध्ये ज्यूरीने हे बळ अवाजवी ठरवले, भरपाई मात्र प्रत्येकी एक डॉलर. आठ वर्षांनी असा निकाल हाती येणार असेल, तर नुसत्या बसलेल्यांवर स्प्रे वापरण्याची मनाई पोलिसांच्या नियमपुस्तिकेत आधीच स्पष्ट शब्दांत लिहिलेली असली पाहिजे.